आधी तशखीस, मग पाना

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोग नेमका ओळखणं. दुसरा, कमीत कमी. ‘निदान एवढं तरी कर’ म्हणतो तो. पहिल्या अर्थासाठी उर्दूत ‘तशखीस’ हा शब्द आहे. मी या दोन्ही भाषा शिकवतो. बी.एड.ला ‘नैदानिक चाचणी’ आणि ‘उपचारात्मक अध्यापन’ यांवर पानं भरून उत्तरं लिहिली, गुणही बरे मिळाले. पण निदान कसं करतात हे मला खरं कळलं ते शारजातल्या एका गॅरेजात, माझ्या नववी नापास भाईजानकडून.

भाईजान बावीस वर्षं तिकडे आहेत. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. एका दुपारी एक गिऱ्हाईक ऑटोमॅटिक गियरची मोठी पिकअप घेऊन आलं. मागे ट्रेलरवर बोट लावून खोरफक्कानच्या डोंगराळ रस्त्याला लागलं की गियरबॉक्स तापतो, डॅशबोर्डवर इशारा येतो, गाडी बाजूला घ्यावी लागते. दुसऱ्या एका गॅरेजनं सांगितलं होतं, ‘गियरबॉक्स गेला, बदला. आठ हजार दिरहम.’ माणूस हवालदिल झाला होता.

मला वाटलं, भाईजान आता गाडीखाली शिरतील. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. चहा मागवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. रिकामी गाडी तापते का? नाही. सपाट रस्त्यावर बोट ओढताना? थोडी. चढाला लागल्यावर किती वेळानं इशारा येतो? वीसेक मिनिटांनी. इंजिनाचा काटा? तोही जरा वर सरकतो. आणि मग एक प्रश्न, जो मला अगदी अवांतर वाटला: सिग्नलला उभं असताना एसी थंड हवा देतो का?

‘नाही,’ गिऱ्हाईक म्हणालं, ‘पण गाडी पळायला लागली की देतो. एसीचं नंतर बघू.’

भाईजान हसले. संध्याकाळी त्यांनी मला समजावलं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समजा, तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक फिरतो, तेल ढकलतो, त्या तेलानं दुसरा फिरतो. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला आतला क्लच दोघांना जखडून टाकतो. पण मागे ओझं आणि समोर चढ असला की ती जखडण सुटते, दोन पंख्यांच्या वेगात फरक पडतो आणि तेल घुसळून निघतं. घुसळलं की तापणारच. म्हणजे ओझं ओढताना उष्णता निर्माण होणं हा रोग नव्हे. ती बाहेर का पडत नाही, हा खरा प्रश्न.

बाहेर पडायला कूलर असतो. गियरचं तेल नळ्यांतून पुढे येतं, जाळीसारख्या कूलरमधून फिरतं, हवेनं निवतं आणि परत जातं. हा जादा कूलर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसवलेला असतो. एसीला, गियरच्या तेलाला आणि इंजिनाला एकाच वाटेनं येणारी हवा लागते. उभ्या गाडीत एसी थंड होत नाही, चढावर इंजिनही जरा तापतं आणि गियरबॉक्स सर्वांत जास्त. तीन तक्रारी आणि वाट एकच. गिऱ्हाईक ज्याला ‘नंतर बघू’ म्हणत होतं, तोच पुरावा होता.

तरी भाईजाननी तेवढ्यावर निकाल दिला नाही. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल गरम, अशी काडीवर पातळी पाहिली. बरोबर होती. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रंग पाहिला, वास घेतला. लाल रंग तपकिरीकडे झुकला होता, किंचित जळका वास होता, पण काळं झालं नव्हतं, त्यात कीसही नव्हता. म्हणजे आतल्या क्लच प्लेट अजून शाबूत असाव्यात. दुधाळ गुलाबीही नव्हतं, म्हणजे रेडिएटरचं पाणी तेलात शिरलं नव्हतं. कूलरकडून परतणाऱ्या तेलाची धार पाहिली, जोरात होती. नळी कुठे तुंबलेली नव्हती. डॅशबोर्डचा सेन्सर खोटं बोलत नाही ना, हेही वेगळ्या थर्मामीटरनं ताडून पाहिलं. एकेक संशयित असा निर्दोष सुटत गेला.

मग जाळी सोडवली. कूलर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या फटीत वाळू, किडे आणि तेलकट धूळ यांचा जाड थर बसला होता. समोरून पाहणाऱ्याला तो दिसलाच नसता. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हातानं फिरवला, तर तो मोकळा गरगरला. पंख्याचा क्लच गेला होता. गरम असताना त्यानं हाताला अडवायला हवं होतं. जाळी धुतली, पंख्याचा क्लच बदलला, गियरचं तेल बदललं. बिल आठशे दिरहमच्या आत.

पण मला सर्वांत आवडलं ते त्यानंतरचं. भाईजाननी गाडी लगेच दिली नाही. तीच बोट, तोच चढ, तीच दुपारची वेळ, अशी परीक्षा घेतली. आधी जिथे तेलाचं तापमान १२८ अंशांवर गेलं होतं, तिथे आता ९८ वर थांबलं. गिऱ्हाइकाला सांगितलं, ‘टो मोड लावून चालव, चढावर खालच्या गियरला राहा. आणि तेल एकदा जास्त तापलेलं आहे, तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा दाखव.’

परतीच्या विमानात मला माझा वर्ग आठवत राहिला. दरवर्षी एखाद्या मुलाबद्दल आम्ही शिक्षक म्हणतो, ‘हा कच्चाच आहे.’ म्हणजे गियरबॉक्स गेला, बदला. घरी उर्दू, शाळेत मराठी, पुस्तकात तिसरीच मराठी. मुलगा नेमका कुठल्या चढावर तापतो, रिकामा असताना कसा चालतो, हे आम्ही विचारत नाही. भाईजाननाही एकदा असंच ‘ठोकळा’ म्हणून नववीतून घरी पाठवलं होतं. त्यांची तशखीस कुणी केली नाही.

काही जण म्हणतील, ‘सर, तुम्ही मिस्त्रीकामाचे गोडवे गाताय. आमची पोरं आधीच गॅरेजात आहेत.’ आक्षेप रास्त आहे. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालानंही मुसलमानांमध्ये नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर गुजराण करणारे जास्त असल्याचं दाखवलं होतं. शाळेतून गळालेलं पोर गॅरेजात ढकलायचं, याला माझा विरोधच आहे. बाराव्या वर्षी पाना धरणारा मुलगा सुट्टा भाग बदलायला शिकतो, पण तो का बिघडला हे विचारायला शिकेलच असं नाही. भाईजान शिकले, पण त्यासाठी त्यांची ऐन जवानी खर्ची पडली आणि हातात कागद एकही नाही. उद्या ते चिपळूणला परतले, तर बावीस वर्षांचं ज्ञान ‘मिस्त्री’ या एका शब्दात गुंडाळलं जाईल.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोराला गाड्यांची आवड असेल तर त्याला आधी दहावी करू द्या, मग आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला पाठवा. ज्यांनी अनुभवातून विद्या मिळवली, त्यांना शाळेत बोलवा, मुलांसमोर उभं करा, त्यांचं बोलणं मराठीत आणि उर्दूत लिहून घ्या. मी या वर्षी विज्ञानाच्या सरांना सांगून एक तास मागून घेतलाय. भाईजान व्हिडिओ कॉलवर येणार आहेत. नववीच्या वर्गाशी बोलायचं म्हटल्यावर ते पहिल्यांदा गप्पच झाले होते.

आणि आम्ही शिक्षकांनी? कुणा मुलावर ‘कच्चा’ हा शिक्का मारण्याआधी त्याला पाच प्रश्न विचारावेत. निदान एवढं तरी.