सात पॉइंट तीन म्हणजे किती?



पट्टा पडला आणि ऊसतोडीला गेलेली माणसे गावी परतली. त्या आठवड्यात आम्ही केज तालुक्यातील एका गावी विहारात वंदनेला गेलो होतो. वंदना आटोपल्यावर बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा आपले गुणपत्रक घेऊन आला. त्याची आई कालच कारखान्यावरून आली होती. तिने विचारले, "किती पडले रं?"

"सात पॉइंट तीन."

"सातच? मंग नापासच की!"

"नाही माय, दहापैकी सात पॉइंट तीन."

"मंग टक्के किती झाले?"

मुलगा गप्प झाला. खरे सांगायचे तर आमच्यातल्या दोघा-तिघा शिकलेल्यांनाही चटकन उत्तर देता आले नाही.

त्या गुणपत्रकाच्या माथ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे छापलेले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात किती घरे जळाली, किती जण जिवास मुकले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ज्या नावासाठी एवढे सोसले, त्या नावाखालचे आकडे मात्र आपल्याला वाचता येऊ नयेत, याची त्या दिवशी आम्हाला लाज वाटली. म्हणून आजचा हा लेख.

पूर्वी गुणांची बेरीज करून टक्के काढत. आता प्रत्येक विषयाला क्रेडिट असते, म्हणजे त्या विषयाचे वजन. सेमिस्टरभरात साधारण १५ तास शिकवणी झाली की एक क्रेडिट. चार क्रेडिटचा विषय मोठा, दोनचा लहान. पेपरात पडलेल्या गुणांवरून श्रेणी मिळते आणि प्रत्येक श्रेणीला दहापैकी अंक असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास किंवा गैरहजर म्हणजे ०.

आम्ही त्या माउलीला विचारले, "कापसाची पट्टी कशी काढतात?" ती म्हणाली, "चांगल्या मालाचा भाव येगळा, फरदडीचा येगळा. जितकं वजन तितका भाव." झाले! क्रेडिट म्हणजे वजन आणि श्रेणीचा अंक म्हणजे भाव. दोघांचा गुणाकार करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचे. हिशोबापुरते एक उदाहरण घेऊ:

राज्यशास्त्र – ४ क्रेडिट, अंक ८ – ३२
इतिहास – ४ क्रेडिट, अंक ७ – २८
समाजशास्त्र – ४ क्रेडिट, अंक ६ – २४
मराठी – ४ क्रेडिट, अंक ९ – ३६
इंग्रजी – २ क्रेडिट, अंक ५ – १०
पर्यावरण – २ क्रेडिट, अंक ८ – १६

क्रेडिट झाले २०, गुणाकारांची बेरीज झाली १४६. १४६ भागिले २० म्हणजे ७.३०. हा झाला एका सेमिस्टरचा एसजीपीए. पुढच्या सेमिस्टरला २४ क्रेडिट असून बेरीज १५६ आली, तर १४६ आणि १५६ मिळून ३०२ आणि क्रेडिट ४४. भागाकार ६.८६. हा सीजीपीए, म्हणजे आजवरच्या सगळ्या सेमिस्टरचा एकत्र हिशोब. दोन सेमिस्टरचे आकडे मिळवून नुसते अर्धे करू नयेत, कारण दोन्हींचे वजन सारखे असेलच असे नाही.

आता यातली जी गोष्ट आपल्या घरांना सर्वात जास्त लागू आहे ती ऐका. वरच्या मुलाचा इंग्रजीचा पेपर बुडाला तर १४६ चे १३६ होतात आणि सरासरी ६.८० वर येते. समाजशास्त्राचा बुडाला तर १२२ उरतात आणि सरासरी ६.१० होते. बुडाला एकच पेपर, पण नुकसान दुपटीहून अधिक. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा त्याच सुमारास येते. उचल घेतलेली असते, कोयत्याला हात कमी पडतो, म्हणून लेकरालाही सोबत नेले जाते. गैरहजर राहिले की अंक शून्य, पण त्या विषयाचे वजन भागाकारात तसेच राहते. काही ठिकाणी तर विषय सुटेपर्यंत सरासरीच देत नाहीत. तो पुढे सुटला की हिशोब पुन्हा होतो, परंतु तोपर्यंत नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जाची तारीख निघून गेलेली असते. मुकादमाशी बोलताना परीक्षेचे वेळापत्रक हातात ठेवा. निदान चार क्रेडिटचा पेपर तरी बुडू देऊ नका.

दुसरा धोका टक्क्यांचा. अर्जात टक्के मागतात आणि मुले सीजीपीएला सरळ दहाने गुणून मोकळी होतात. पण सगळीकडे एकच सूत्र नाही. केंद्रीय शाळा मंडळाने दहावीसाठी ९.५ ने गुणण्याची पद्धत ठेवली होती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्रात आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणतात. समजा सीजीपीए ५.६ आहे. पहिल्या रीतीने ५६ टक्के, दुसरीने ५३.२ आणि तिसरीने ४८.५! प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवीत सर्वसाधारण उमेदवारांना ५५ आणि अनुसूचित जातींना ५० टक्के लागतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर आपल्या बौद्ध मुलांनाही ही सवलत मिळते. म्हणजे एकाच गुणपत्रकाचा मुलगा एका सूत्राने आत आणि दुसऱ्याने बाहेर. म्हणून आपल्या विद्यापीठाचे सूत्र कोणते ते गुणपत्रकाच्या मागे पाहावे. तेथे नसेल तर महाविद्यालयाकडून तसे लेखी प्रमाणपत्र मागावे. अर्जात अंदाजाने आकडा भरू नये. कागदपत्रांच्या तपासणीत तो चुकला तर मेहनत वाया जाते.

कोणी म्हणेल, गुणांचे एवढे काय घेऊन बसलात? बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. खरे आहे. आकड्याने माणूस मोजला जात नाही, हे कमी गुण पडलेल्या प्रत्येक लेकराला सांगितलेच पाहिजे. पण पुढे कोलंबिया विद्यापीठात याच बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि इतर विषयांचे मिळून ६० अभ्यासक्रम घेतले. कोणता विषय घ्यायचा आणि किती घ्यायचा, हे त्यांनी समजून उमजून ठरवले. आज नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या मुलांपुढेही विषय निवडण्याची वेळ आली आहे. ती निवड सोबतचे चौघे काय घेतात ते पाहून करू नये.

त्या दिवशी विहाराच्या ओट्यावर त्या मुलाने वहीत सहा ओळी मांडल्या, गुणाकार केले आणि ७.३० आले तेव्हा माउली म्हणाली, "आता ही वही उचलीच्या वहीसंगं ठिवते." आमची वाचकांना हीच विनंती आहे. घरात एक वही करा. प्रत्येक सेमिस्टरला विषय, क्रेडिट आणि अंक लिहून ठेवा. छापलेली सरासरी आपल्या हिशोबाशी जुळते का ते पाहा आणि न जुळल्यास मुदतीत अर्ज द्या. ज्यांना हा हिशोब येतो त्यांनी रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात बसून इतरांच्या लेकरांना तो शिकवावा.

जयभीम!