हौसेला मोल होतं!

रविवारी सकाळी सफाळे स्टेशनबाहेर थोडा वेळ उभं राहून बघा. लोकलमधून कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका उतरतो. पाठीवर सॅक, कुणाच्या हातात स्पीकर, आणि प्रश्न एकच, ‘‘दातिवऱ्याची गाडी कुठे लागते?’’ तेवढ्यात दातिवऱ्याहून आलेली एसटी थांबते. तिच्यातून एक कुटुंब उतरतं. बाबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, आईच्या हातात फुगलेली पिशवी, आणि दोन पोरं आत्तापासूनच खिडकीच्या जागेवरून भांडतायत. ते निघालेत मुंबईला. एकाची सहल जिथे संपते, तिथूनच दुसऱ्याची सुरू होते.

दातिवऱ्याला वैतरणा समुद्राला मिळते. समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. मुंबईकराला एवढं पुरे. पण दातिवऱ्याच्या पोराला समुद्राचं काय कौतुक? तो रोजचाच. त्याच्यासाठी सहल म्हणजे विरारचं मार्केट, दादरचा पूल, राणीची बाग. ‘जिवाची मुंबई करणे’ हा वाक्प्रचार पुस्तकातून शिकायची त्याला गरजच पडली नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आज अठरा-वीस वर्षांचे आहात. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हा तुम्ही बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत होता. मार्च २०१७ मध्ये राणीच्या बागेत पेंग्विन बघायला मिळू लागले, तेव्हा ते बघण्यासाठी घरी हट्ट धरण्याचं तुमचं वय होतं. सफाळ्याहून दादर, दादरला पूल चढून मध्य रेल्वे, मग भायखळा. काचेला नाक लावून बघितलेले पेंग्विन आठवतात. हातावर वितळलेलं आईस्क्रीम आठवतं. परतीच्या गाडीत बाबांच्या मांडीवर लागलेली झोपही आठवते. तुमच्या आठवणीत राणीची बाग नसेल तर केळव्याच्या सुरूच्या बनातला बर्फाचा गोळा असेल, नाहीतर चैत्री पौर्णिमेला भरणाऱ्या डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेतला पाळणा.

छान आठवण आहे. फक्त ती अर्धी आहे.

उरलेली अर्धी आईबाबांकडे आहे, आणि ती तुम्ही बहुधा कधी विचारलेली नाही. ऑगस्ट २०१७ पासून राणीच्या बागेचं चौघांच्या कुटुंबाचं तिकीट १०० रुपये झालं. पण सहलीचा खरा खर्च तिकिटाचा नसतोच, तो दिवसाचा असतो. डोलीच्या मासेमारीवर चालणाऱ्या घरात रविवार बघून सहल ठरत नाही, पाणी बघून ठरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जाळं सोडून कोण जाणार? जायचं ते अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाण्याची ओढ कमी असते तेव्हा. आणि त्या दिवसांत जाळी दुरुस्त करायची असतात, ते काम पुढे ढकलायचं. वाडी असलेल्या घरात शेजाऱ्याला सांगून ठेवायचं, ‘‘उद्याच्या दिवस पाणी सोडशील का?’’ तारापूरच्या कारखान्यात जाणाऱ्या बाबांनी एक शिफ्ट बदलून घेतलेली असायची, आणि ती पुढच्या आठवड्यात रात्रपाळी करून फेडलेली असायची.

आई पहाटे चारला उठून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायची. तुम्हाला वाटायचं, हीच सहलीतली मजा. असेलही. पण पाच माणसांनी हॉटेलात जेवायचं म्हटलं तर आईस्क्रीमचे पैसे उरले नसते, हेही खरं. आपण म्हणतो, हौसेला मोल नसतं. मोल होतं. ते कुणीतरी गुपचूप मोजलं, म्हणून आपल्याला दिसलं नाही, एवढंच.

खात्री करायची असेल तर घरातला जुना अल्बम किंवा बाबांचा जुना मोबाईल काढा. सहलीच्या फोटोंत तुम्ही दिसाल, भावंडं दिसतील. बाबा बहुतेक नसतील, कारण फोटो तेच काढत होते. आई असलीच तर कडेला, खांद्यावर पिशवी, हातात तुमच्या चपला. तिच्या हातात आईस्क्रीम असलेला एक तरी फोटो सापडतो का, बघा.

यावर कुणी म्हणेल, ‘‘आता याचंही ओझं घ्यायचं का? त्यांनी आनंदाने केलं ना?’’ बरोबर आहे. आईबाबांची हौस म्हणजे काही बँकेचं कर्ज नाही, की नोकरी लागली की हप्ते सुरू. त्यांना परतफेड नकोच असते, आणि अपराधी चेहरा करून तुम्ही समोर बसलात तर ते तुम्हालाच हसतील. मुद्दा परतफेडीचा नाही. मुद्दा असा, की ज्यांनी आपल्याला जग दाखवायला नेलं, त्यांना स्वतःला काय बघायचं होतं, हे आपल्याला माहीत आहे का?

आज आपली सहल म्हणजे ग्रुप. लोणावळा, अलिबाग, कुणाच्या तरी वाढदिवसाला रात्रभर बाहेर. त्यात वाईट काहीच नाही, ते वयच आहे. पण आईबाबांचं बाहेर पडणं कशासाठी होतं, ते आठवून बघा. लग्न, बारसं, दहावं आणि दवाखाना. तुमची सहल बंद झाली नाही. तुम्ही मोठे झालात तशी त्यांची बंद झाली, कारण ती तुमच्या निमित्ताने होती.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्याच जिल्ह्यात अशी घरं आहेत, जिथे सहल हा शब्द आलाच नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर घरी यायचं, असं ज्या आदिवासी कुटुंबांचं वर्ष जातं, तिथे मुलांची शाळा टिकवणं हीच मोठी गोष्ट. अशा घरातून कॉलेजपर्यंत आलेली मुलं तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात. ‘बालपणीची सहल’ यावर गप्पा रंगल्या की ती गप्प होतात. त्यांना ‘‘तुम्ही कुठे जायचात?’’ असं विचारण्यापूर्वी जरा थांबा. आणि त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगावंसं वाटतं की तुमच्या घरची पहिली सहल अजून व्हायची आहे, आणि ती काढणारे तुम्हीच असू शकता.

यासाठी पहिल्या पगाराची वाट बघायला नको. तुमच्याकडे आत्ताच बरंच काही आहे. मोबाईलवर तिकीट काढता येतं. कोणती लोकल कुठे रिकामी मिळते, ते ठाऊक आहे. सरकत्या जिन्यासमोर आई थबकते तेव्हा तिचा हात कसा धरायचा, हे तर तिनेच दादरच्या गर्दीत शिकवलंय. फार लांब जायचीही गरज नाही. २०२५ पासून जलसार ते विरारच्या मारंबळपाड्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाली आहे. जन्मभर खाडीकाठी राहिलेल्या आजीला तिच्यातून एकदा पलीकडे न्या. तिला काय काय आठवेल, ते तुम्हाला कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.

फक्त दोन-तीन पथ्यं पाळा. दिवस तुमच्या सोयीचा नको, त्यांच्या भांगाचा किंवा सुट्टीचा धरा. त्या दिवशी आईला डबा करू देऊ नका. कितीला पडलं, हे त्यांच्यासमोर बोलू नका. त्यांनी तरी तुमच्यासमोर कुठे सांगितलं होतं? आणि आईस्क्रीम घेतलंत तर पहिलं तिच्या हातात द्या. ती ‘‘मला नको, थंड बाधतं’’ म्हणेल. इतकी वर्षं ती हेच म्हणत आलीय. या वेळी ऐकू नका.

आणि हो, फोटो तुम्ही काढा. पिशवी तुमच्या खांद्यावर घेऊन.