आधी रस्ता, मग स्प्रिंग

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत खुला झाला, तेव्हापासून हौशी मंडळी एकच प्रश्न विचारतात. दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घेतली आहे, नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा सलग रस्ता दारात आला आहे, तर कडक स्प्रिंग टाकून गाडी थोडी खाली बसवू का? माझं उत्तर स्पष्ट आहे. भिवंडीत राहणाऱ्याने गाडी खाली बसवू नये. खर्च करायचाच असेल तर तो आधी शॉकअपवर करावा.

समृद्धीवर गाडी जाते महिन्यातून एखाद्या वेळी. रोज ती अंजूरफाटा, वंजारपट्टी नाका नाहीतर वाडा रस्त्यावर असते. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांनी तिथलं डांबर दाबून चाकोऱ्या पाडल्या आहेत, आणि पावसाळ्यात खड्डे किती खोल आहेत ते पाण्याखाली दिसतही नाही. महामार्गावर वेगाची मर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. तेवढ्या वेगाला कंपनीची मूळ स्प्रिंग पुरून उरते.

कडकपणाचा सल्ला आपल्याकडे येतो तो ट्रकच्या गॅरेजांतून. ट्रक रिकामा परततो आणि भरून निघतो, या दोन वजनांत कित्येक टनांचा फरक असतो. म्हणून एखादा पाटा वाढवणं हा तिथला रास्त उपाय आहे. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र दोन माणसं आणि एक बॅग, एवढंच ओझं कायम. तिची स्प्रिंग कंपनीने नेमक्या त्याच वजनासाठी ठरवलेली असते.

स्प्रिंग गाडीचं वजन तोलते, शॉकअप तिची उसळी आवरतो. शॉकअपच्या आतलं तेल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. साधी घरगुती गाडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा झुलते, रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार दीड ते दोन वेळा. दीडच्या हिशेबात, उभ्या गाडीच्या वजनाने सस्पेन्शन चाकापाशी सुमारे 11 सेंटिमीटर दबलेलं असतं, दोनच्या हिशेबात जेमतेम 6. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला तेवढीच मोकळीक उरते. त्यापुढे टायर रस्ता सोडतो, आणि रस्ता सुटलेल्या टायरला ना ब्रेक लागतो ना वळण साधतं. खराब रस्त्यावर कडक गाडी पकड गमावते ती अशी. मातीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्या उंच असतात आणि त्यांच्या चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव ठेवलेला असतो, तो याच कारणाने.

बाकी मापं तशीच ठेवून स्प्रिंगची तार 12 मिलिमीटरची 13 केली, तर कडकपणा सुमारे 38 टक्के वाढतो. काम करणाऱ्या सहा वेढ्यांपैकी एक कापला, तर 20 टक्के. ग्राइंडर लावून वेढा कापायला दहा मिनिटंही लागत नाहीत, पण कापलेलं टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागची सरकते. गॅसने कापली असेल तर त्या जागी पोलादाचं पाणीही उतरतं. स्प्रिंग दीडपट कडक केली, तर तिला आवरायला शॉकअपचा जोर सुमारे 22 टक्क्यांनी वाढवावा लागतो. जुन्या, तेल झिरपणाऱ्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग चढवली की गाडी एका धक्क्यानंतर तीन-तीन वेळा उसळते, आणि मालकाला वाटतं, स्पोर्टी झाली.

आता उंचीचं बघू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या मधोमध आली, तर दोन्ही बाजूंची चाकं गतिरोधकावरच असतात, त्यामुळे पोटाखाली 5 सेंटिमीटर जागाही पुरते. तोच 10 सेंटिमीटरचा उंचवटा गल्लीतल्यासारखा अर्ध्या मीटरात उभा केला, तर चाकं दोन्हीकडे सपाटीवर आणि पोटाखाली पूर्ण 10 सेंटिमीटर हवेत. बारा सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी तीन सेंटिमीटर खाली बसवली की अशा प्रत्येक गतिरोधकावर तिचा तळ घासणार. रस्ते बांधणाऱ्यांनी मानक पाळावं, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोपर्यंत गाडी आहे त्या रस्त्यालाच जुळवावी लागेल.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांना मनाई करणारा निकाल दिला. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी असे बदलच शोधतो.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रत्येक चाकामागे वाकून शॉकअपची नळी बघा. धुळीचा ओला, काळा थर दिसला तर तेल सुटलं आहे. शॉकअप नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. त्यांच्यासोबत वरचे माउंट, बुश आणि बंप स्टॉपही नवे टाका, मग अलाइनमेंट करून घ्या. कंपनीच्या मापाचे, चांगल्या प्रतीचे शॉकअप बसले की बहुतेकांना आपली गाडी नव्याने कळते. त्यानंतर एक पावसाळा वाडा रस्त्यावर आणि समृद्धीवरही चालवून बघा. तरीही वळणावर गाडी फार कलते असं वाटलं, तरच स्प्रिंगला हात लावा, आणि मूळ कडकपणाच्या दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे जाऊ नका.