दूरदर्शनचा खर्च कोणी सोसावा?

रेडिओच्या परवान्याचे पुस्तक दरसाल टपालकचेरीत नेऊन परवान्याची मुदत वाढवून घेण्याचा आणि तपासनीस दारी आला म्हणजे ते काढून दाखविण्याचा परिपाठ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना 1985 च्या सुमारास तो परवाना रद्द झाला तेव्हा एक जाच सुटला असे वाटले असल्यास नवल नाही. रेडिओस वर्षाचे 15 आणि दूरचित्रवाणी संचास 50 रुपये ही रक्कम फार मोठी नसली, तरी दंडाची व जप्तीची धास्ती मोठी होती. परंतु परवान्याबरोबरच, आपण आकाशवाणी व दूरदर्शनचे पोशिंदे आहोत असे म्हणण्याचा श्रोत्यांचा व प्रेक्षकांचा अधिकारही लोपला. ही वर्गणी पुन्हा सुरू करावी, मात्र ती सरकारी तिजोरीत न जाता प्रसारणसंस्थेच्या स्वतंत्र निधीत जमा व्हावी, असे माझे निश्चित मत असून, त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा परामर्श मी प्रथम घेतो.

जो दूरदर्शन पाहत नाही त्याने पैसे का भरावेत, असे विचारले जाते. आपल्या शहरांत घरपट्टीबरोबर शिक्षणकर वसूल होतो आणि ज्याच्या घरी शिकणारे मूल नाही तोही तो भरतो. शेजाऱ्याचे मूल शिकल्याचा लाभ त्यालाही होतो, हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. वादळाची सूचना, शेतीविषयक माहिती, निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना मिळणारा विनामूल्य वेळ, यांचा लाभ याच प्रकारचा आहे.

गरिबावर अन्याय होतो हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि ब्रिटनपुरता तो खराही आहे. तेथे श्रीमंत व निर्धन यांना एकच दर लागू आहे, परवान्यावाचून दूरचित्रवाणी पाहणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि शिक्षा होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. परंतु यावरून पद्धत सदोष ठरते, तत्त्व नव्हे. फिनलंडने 2013 पासून हीच वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात घेण्यास आरंभ केला आणि अल्प उत्पन्नाच्या माणसांना तीतून वगळले.

जाहिरातींवर भागवावे असे म्हणणाऱ्यांनी जाहिरातदाराचे प्रयोजन ध्यानी घ्यावे. दूरदर्शनवर जाहिराती 1976 च्या जानेवारीपासून आल्या. त्यापूर्वी 1972 मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्राने ‘आमची माती, आमची माणसं’ किंवा ‘ज्ञानदीप’ यांसारखे कार्यक्रम कोणाच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून केले नव्हते. ज्याच्या हाती खर्चावयास पैसा नाही त्याच्यासाठी कार्यक्रम करण्याची जाहिरातदाराला गरज नसते, आणि नेमक्या त्याच माणसासाठी सार्वजनिक प्रसारण असते.

आता सर्वांत बळकट आक्षेप. आणीबाणीत परवाना होता, लोक पैसे भरीत होते, आणि तरीही आकाशवाणी व दूरदर्शन सत्तेची संपूर्ण ताबेदार झाली होती. मग वर्गणीने स्वातंत्र्य येते हे कशावरून? याचे उत्तर त्या काळाच्या व्यवस्थेतच आहे. पैसा टपालखाते वसूल करी, तो सरकारजमा होई, आणि प्रसारण हे मंत्र्याच्या हुकमतीखालील एक खाते होते. म्हणजे देणारी रयत होती, पण हिशेब मागणारा आणि नेमणुका करणारा सरकार हाच धनी होता. 1978 मध्ये वर्गीस समितीने प्रसारणासाठी स्वायत्त न्यास सुचविला, 1990 मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन एका स्वायत्त संस्थेकडे सोपविणारा प्रसार भारतीचा कायदा संमत झाला, 1997 मध्ये तो अंमलात आला. परंतु कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी संस्थेस आजही मुख्यतः सरकारी अनुदानाकडे पाहावे लागते, आणि ज्याच्या मंजुरीवाचून पगार होत नाहीत त्याच्याविरुद्ध वृत्त देण्याचे धैर्य कोणत्याही संपादकाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

जर्मनीने ही गाठ सोडविली. नभोवाणीचा नाझींनी केलेला दुरुपयोग भोगलेल्या त्या देशात, प्रसारणसंस्थांना किती द्रव्य लागेल हे एक स्वतंत्र आयोग ठरवितो. 2013 पासून घरात कोणते यंत्र आहे हे न पाहता दर घरामागे वर्गणी घेतात, त्यामुळे मोबाईलवर पाहणाऱ्याचा प्रश्नही उरत नाही. आयोगाने सुचविलेली दरमहा 86 सेंटची वाढ साक्सेन-आनहाल्ट या एका घटकराज्याने 2020 च्या अखेरीस अडविली, तेव्हा पुढच्याच वर्षी घटनान्यायालयाने, प्रसारणस्वातंत्र्याला द्रव्याचा आधार देणे हे राज्यांचे घटनात्मक कर्तव्य आहे असे ठरवून, ती वाढ स्वतःच्या आदेशाने लागू केली. वसुलीच्या अडचणीविषयी इतकेच सांगतो की इटलीने 2016 पासून ही रक्कम विजेच्या बिलातून घेण्यास प्रारंभ केला आणि चुकवेगिरी पुष्कळच घटली. लोकांना अशी पट्टी नकोच असते असे गृहीत धरणाऱ्यांनी स्वित्झर्लंडकडे पाहावे. 2018 च्या मार्चमध्ये ती रद्द करावी काय असा कौल तेथे घेतला असता शेकडा 71 हून अधिक मतदारांनी नकार दिला.

आपल्याकडे पाया तयारच आहे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला, आणि त्यातील प्रमुख निकालपत्र महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. तेव्हा माझी मागणी अशी: वर्गणी अल्प असावी, दरिद्री कुटुंबांना पूर्ण माफी असावी, दर स्वतंत्र आयोगाने ठरवावा, न भरणाऱ्यावर फौजदारी नसावी, आणि जमाखर्चाचा अहवाल मंत्रालयाकडे नव्हे तर थेट संसदेपुढे यावा. अशी पट्टी भरण्यास मी सिद्ध आहे. वाचकांपैकी ज्यांना हे पटते त्यांनी आपल्या खासदारास तसे लेखी कळवावे आणि उत्तराचा तगादा लावावा.