छंद नेमबाजीचा : पिस्तूल घेण्यापूर्वी

काही छंदांची साधने बाजारातून सहज उचलून आणता येतात. मुलाला चित्रे काढावीशी वाटली की रंगपेटी आणावी, गाण्याची आवड दिसली की पेटी किंवा तानपुरा पाहावा. साधन घरी आले की शिक्षण मागाहून सुरू होते, आणि आवड टिकली नाही तर थोडे पैसे गेले एवढेच नुकसान होते. नेमबाजीच्या छंदाचा क्रम मात्र याच्या नेमका उलट आहे. येथे शिक्षण आधी आणि साधन मागाहून. हा क्रम चुकला तर पैसा तर वाया जातोच. शिवाय कायद्याचा आणि जिवाचाही प्रश्न उभा राहतो.

हा विषय आज मुद्दाम घेण्याचे कारण उघड आहे. 2024 साली पॅरिस येथील ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एकाच स्पर्धेत दोन कांस्यपदके मिळविली. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्यापूर्वी 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्याच राही सरनोबतने 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकाविले होते. अशा बातम्या वाचल्यावर पुष्कळ घरांत एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आईवडिलांपुढे प्रश्न टाकते, ‘आपण एखादे स्वस्तातले पिस्तूल घेऊ या का?’ क्वचित हा प्रश्न निवृत्तीनंतर नवा छंद शोधणाऱ्या आजोबांच्याही मनात येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही नीट विचार करूनच दिले पाहिजे.

प्रथम हे साधन कोणते, ते पाहू. राही सरनोबतने ज्या प्रकारात पदक मिळविले, त्यात .22 मापाचे पिस्तूल वापरतात. नळीचे अंतर्माप इंचाच्या शंभरांश भागांत सांगण्याची ही जुनी रीत आहे. आपल्या परिचयाच्या मापात ते सुमारे 5.6 मिलिमीटर होते. या पिस्तुलाच्या काडतुसाला ‘रिमफायर’ म्हणतात. रिम म्हणजे कड. काडतुसाच्या बुडाशी जी पोकळ कड असते, तिच्यातच पेट घेणारे द्रव्य भरलेले असते. चाप ओढला की पिस्तुलातील खीळ त्या कडेवर आपटते, कड चेपते, द्रव्य पेट घेते आणि त्यामुळे आतील दारू पेटून गोळी सुटते. कड चेपली जावी म्हणून काडतुसाचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ म्हणून आतील दाबही बेताचाच ठेवावा लागतो. परिणामी हाताला धक्का कमी बसतो, आवाज मर्यादित राहतो आणि काडतूस स्वस्त पडते. 1887 च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आलेले ‘.22 लाँग रायफल’ नावाचे काडतूस आजही जगभर नवशिक्यांच्या आणि ऑलिंपिकपटूंच्या हाती दिसते, याचे इंगित हेच आहे.

या सौम्यपणावरून मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्या काडतुसाची गोळी अवघ्या अडीच-पावणेतीन ग्रॅमची असली, तरी मोकळ्या रानात ती दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. ती खेळण्यातील गोळी नव्हे.

‘सुलभ किमतीचे रिमफायर पिस्तूल’ ही कल्पना मुख्यतः अमेरिकेतील आहे. 1949 साली कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट येथे विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी .22 चे एक पिस्तूल विक्रीस काढले. त्याची किंमत होती साडेसदतीस डॉलर. मुठीचा सांगाडा अखंड पोलादातून कोरून काढण्याऐवजी त्यांनी पोलादी पत्र्याचे दोन अर्धे भाग ठशाने दाबून घडविले आणि ते एकमेकांस सांधले. त्यामुळे मजुरी वाचली, किंमत उतरली आणि नेमात मात्र उणेपणा आला नाही. तेथील अनेक कुटुंबांत सुटीच्या दिवशी रिकाम्या डब्यांवर नेम धरण्याची करमणूक रूढ आहे. अशा हौशी लोकांनी ते पिस्तूल उचलून धरले. त्याची चौथी सुधारित आवृत्ती 2016 साली निघाली. असे पिस्तूल घेणाऱ्या अमेरिकन गृहस्थापुढे प्रश्न असतो तो मुख्यतः दुकानातील किमतीचा.

आपल्याकडे तसे नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार .22 चे पिस्तूल हे अग्निशस्त्र ठरते आणि परवान्याशिवाय ते जवळ बाळगता येत नाही. परवान्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे, अर्ज करावा लागतो. पोलिसांची चौकशी होते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. वयाची 21 वर्षे पूर्ण होण्यापूर्वी कोणासही स्वतःचे अग्निशस्त्र घेता येत नाही. लहान वयाच्या नेमबाजांसाठी प्रशिक्षणापुरत्या निराळ्या तरतुदी आहेत. परदेशी बनावटीचे पिस्तूल मागविण्याची मोकळीक सामान्य हौशी माणसाला नाही. ती सवलत स्पर्धांत विशिष्ट दर्जा मिळविलेल्या नेमबाजांसाठी आहे. त्यामुळे देशात जी जुनी परदेशी पिस्तुले हातोहात फिरतात, त्यांची किंमत त्यांच्या मूळ देशातील किमतीच्या कितीतरी पट होऊन बसते. देशी कारखान्यांत .22 ची छोटी रिव्हॉल्वरेही तयार झाली आहेत. परंतु आखूड नळीचे ते शस्त्र स्वसंरक्षणाच्या हेतूने घडविलेले असते. पंचवीस मीटरांवरील लक्ष्यपत्रावर त्याने नेम साधू पाहणे म्हणजे स्वयंपाकाच्या सुरीने कलम करू पाहण्यासारखे आहे.

येथे एक स्पष्ट इशारा दिला पाहिजे. ‘स्वस्त’ या शब्दामागे लागून कोणी गावठी बनावटीचे किंवा कागदपत्रांवाचून मिळणारे हत्यार घेण्याचा विचारही मनात आणू नये. ते घेणे, बाळगणे आणि विकणे हे तिन्ही गुन्हे आहेत व त्यांसाठी कारावासाची शिक्षा आहे. शिवाय अशा हत्याराची नळी कोणत्याही कसोटीतून गेलेली नसते; ती कधी हातातच फुटेल याचा नेम नाही.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? आमच्या मते तीन पायऱ्यांचा मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे.

पहिली पायरी रेंजची. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रायफल संघटनेकडे चौकशी करून तिच्याशी संलग्न असलेला क्लब शोधावा. या संघटनांची मध्यवर्ती संस्था, म्हणजे भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना, 1951 साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. बडोद्यास जन्मलेल्या आणि अहमदाबादेत कार्य केलेल्या या मराठी गृहस्थाच्या नावाने भरणारी नेमबाजी स्पर्धा पुढे नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे प्रवेशद्वार बनली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे ठाऊक असावे. दिल्लीत तुघलकाबाद येथे डॉ. कर्णी सिंग रेंज आहे, पुण्यास बालेवाडी आहे, भोपाळला मध्य प्रदेश राज्याची अकादमी आहे. इतरही अनेक शहरांत लहानमोठ्या रेंज निघाल्या आहेत. तेथे क्लबाचे पिस्तूल, क्लबाचे छर्रे आणि प्रशिक्षकाची नजर या तिन्हींचा लाभ मिळतो. निदान तीन महिने तरी स्वतःचे काहीही विकत घेऊ नये. मुलाची आवड खरी की बातमीपुरती, हे तेवढ्या अवधीत कळून येते.

दुसरी पायरी हवाई पिस्तुलाची. हे पिस्तूल दारूने नव्हे, तर दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा शिसाचा छर्रा सोडते. या मापाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई शस्त्रास आपल्याकडे परवाना लागत नाही; तरीही ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, ओळखीचा पुरावा द्यावा आणि पावती जपून ठेवावी. कोणी याला दुय्यम साधन समजू नये. 10 मीटर हवाई पिस्तूल हा प्रकार 1988 पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि मनू भाकरची पॅरिस येथील दोन्ही पदके त्याच प्रकारातील आहेत. या प्रकारात लक्ष्यपत्रावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते; 25 मीटरांवर सावकाश नेमाच्या फेरीत तेच 50 मिलिमीटरचे असते. जो हवाई पिस्तुलाने संयम शिकला, त्याला .22 चे पिस्तूल फार काळ परके राहत नाही.

हवाई पिस्तूल निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली मूठ. पिस्तूल हातात घेतले असता तर्जनीचे टोक चापावर सहज आणि सरळ टेकले पाहिजे. ताणावे किंवा आखडावे लागता कामा नये. दुसरी वजन. नियमानुसार ते दीड किलोपर्यंत चालते. परंतु वाढत्या वयाच्या मुलाने हलकेच घ्यावे. एका हाताने, हात सरळ लांब करून, अर्धा मिनिट स्थिर धरता येते का हे दुकानातच पाहावे. तिसरी नेम धरण्याची साधने. नळीच्या टोकावरील माशी आणि मागची खाच स्पष्ट दिसली पाहिजे, आणि मागची खाच उजवीडावीकडे व खालीवर सरकविता आली पाहिजे. चौथी चाप. तो खरखर न करता एकाच ठिकाणी स्वच्छ सुटला पाहिजे. किंमत अधिक असली तर ती सुबक पेटीसाठी न देता चांगल्या चापासाठी द्यावी.

वापरलेले पिस्तूल घेत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्पर्धेच्या हवाई पिस्तुलास हवेचे लहान सिलिंडर असते आणि त्यावर ते तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. बहुतेक कारखानदार त्याची मुदत दहा वर्षांची धरतात. मुदत संपलेले सिलिंडर स्वस्तात मिळाले, तरी ते बदलण्याचा खर्च आपल्याच माथी येतो.

तिसरी पायरी .22 ची. दोन-तीन वर्षे नियमित सराव झाला, जिल्हा आणि राज्य पातळीवर गुण सुधारत गेले, प्रशिक्षकाने होकार दिला की या पायरीचा विचार करावा. तोपर्यंत परवानाधारक क्लबाच्या पिस्तुलावर हात बसवावा. पुढे स्वतःचे घ्यावयाचे झाले, तर परवाना आधी आणि सौदा मागाहून हा नियम मोडू नये. जुने पिस्तूल घेताना विकणाऱ्याने अधिकाऱ्यांना रीतसर कळविले आहे याची खात्री करून घ्यावी. दोन तांत्रिक गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. रिमफायर पिस्तुलाचा चाप रिकामा ओढण्याची सवय नसावी, कारण खीळ नळीच्या कडेवर आपटून दोन्हींची हानी होऊ शकते. आणि काडतूस क्वचित पेटत नाही. अशा वेळी पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे व मग रेंज अधिकाऱ्यास हाक मारावी. ते चटकन उघडून पाहण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो.

आता घरखर्चाची बाजू. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा आपला जुना दंडक येथेही लागू पडतो. गृहिणी जसा महिन्याचा किराणा मांडते, तसा या छंदाचा हिशेब मांडावा. पिस्तूल हा एकदाच होणारा खर्च आहे. छर्रे, लक्ष्यपत्रे, रेंजचे शुल्क, प्रवास आणि प्रशिक्षकाचे मानधन हे दरमहा येणारे खर्च आहेत. उत्तम परदेशी हवाई पिस्तुलाची किंमत लाखाच्या पलीकडे जाते, तर शिकाऊ पिस्तूल त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळते. महाग पिस्तूल घेऊन छर्‍यांत काटकसर करणाऱ्यापेक्षा साधे पिस्तूल घेऊन आठवड्यातून चार दिवस सराव करणारा पुढे जातो.

शेवटी घरातील शिस्तीविषयी. पिस्तूल हवाई असो वा .22 चे, ते भरलेले आहे असेच समजून हाताळावे. गमतीनेसुद्धा कोणाकडे रोखू नये. घरी आणल्यावर ते रिकामे करून कुलपात ठेवावे. छर्रे किंवा काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत आणि किल्ली मुलांच्या हाती देऊ नये. सरावाच्या वेळी डोळ्यांवर चष्मा आणि .22 च्या रेंजवर कानांवर आच्छादन असावे. छर्रे शिसाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्यास बसू नये. ही शिस्त घरातील वडील माणसांनी प्रथम पाळली तर मुले ती आपोआप पाळतात.

नेमबाजी मुलांना श्वास आवरण्यास, मन एकाग्र करण्यास आणि हुकलेला नेम विसरून पुढचा धरण्यास शिकविते. हे गुण परीक्षेच्या खोलीत आणि पुढे संसारातही उपयोगी पडतात. तेव्हा आपल्या मुलाने पिस्तुलाचा हट्ट धरला तर त्याला दटावू नका, आणि लगेच दुकानातही नेऊ नका. येत्या रविवारी त्याला जवळच्या रेंजवर घेऊन जा आणि तासभर नुसते पाहू द्या. पिस्तूल कोणते व केव्हा घ्यावे, हे पुढे प्रशिक्षकाशी बोलून ठरविता येईल.