अंगण जोत्यावर चढले, तर खर्च कोणी सोसायचा?

कोकणातील घरांपुढची मातीची अंगणे आता झपाट्याने नाहीशी होत आहेत. त्यांच्या जागी पेव्हर ब्लॉक, कडाप्पा नाहीतर सरळ कोबा आला. आखातात राबून आणलेल्या पैशातून लोकांनी ही सोय केली. चिखल गेला, गाडी दारापर्यंत येऊ लागली. गवंडी, फरशीवाले आणि ब्लॉकचे व्यापारी यांना कामही मिळाले. पण या कामाबरोबर एक तक्रारही घरोघर ऐकू येऊ लागली आहे. अंगण नवे झाले आणि एक-दोन पावसाळ्यांतच बैठकीच्या भिंतीला खालून ओल चढली, गिलावा फुगला, पांढरा लोणा फुटला. मालक म्हणतो, मिस्त्रीने सिमेंट खाल्ले. मिस्त्री म्हणतो, भिंतच जुनी. अशा भांडणात आधी अंगणाची लेव्हल मोजावी, असे आमचे म्हणणे आहे.

घराला जोते असते ते शोभेसाठी नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच असावे असे सांगितले आहे. जोत्याच्या माथ्यावर डी.पी.सी.चा थर घालतात, तो जमिनीची ओल वर चढू नये म्हणून. जांभ्याच्या जुन्या घरांत पुष्कळदा हा थर नसतोच. तेथे जोत्याची उंची हाच भिंतीचा बचाव. जांभा आणि वीट दोन्ही पाणी शोषतात. शिवाय पागोळीचे आणि पावसाचे पाणी कठीण फरशीवर आपटून भिंतीवर उडते ते वेगळेच. म्हणून बाहेरची फरशी डी.पी.सी.च्या निदान सहा इंच खाली असली पाहिजे. रत्नागिरी-रायगडसारख्या जिल्ह्यांत, जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे सहाचे आठ झाले तर उत्तमच.

आता हिशेब पाहा. ब्लॉक साधारण ६० मिलिमीटर जाडीचा, खाली दीड-दोन इंच कच किंवा वाळू, त्याखाली चार इंच खडी-मुरूम. एकूण आठ इंच होतात. माती तेवढी खणून काढली नाही, तर अंगण आठ इंचांनी वर येते. पूर्वीच्या कोब्यावरच ब्लॉक बसवले तरी चार इंच गेले. दहा वर्षांनी त्यावर आणखी एक थर आला की अंगण आणि ओटा एक होतात. खोदाई आणि माती उचलून टाकणे यांचे पैसे अंदाजपत्रकात धरले की भाव चढतो आणि काम दुसऱ्याकडे जाते. म्हणून ते कलम गाळले जाते. सगळ्या बिघाडाचे मूळ येथे आहे.

ओल दिसल्यावर बहुतेकजण आतून उपाय करतात. गिलावा खरवडतात, वॉटरप्रूफ रंग लावतात, वर टाइल्स चिकटवतात. पाणी बाहेरून येतच राहते आणि टाइल्समागून आणखी वर चढते. पुढच्या वर्षी तेच काम, तोच खर्च. रंगाच्या दुकानदार बंधूंनीही डबा विकण्यापूर्वी एकदा विचारावे, की भिंतीबाहेर फरशी किती उंचीवर आहे?

खरा उपाय बाहेरून करावा लागतो. पाण्याच्या लेव्हल पाइपने आतल्या जमिनीची खूण बाहेरच्या भिंतीवर घ्यावी आणि तेथून डी.पी.सी. व फरशी यांची उंची मोजावी. उतार घराकडे असेल, तर सगळे अंगण उचलून, खणून, दर पाच फुटांना एक इंच असा बाहेरचा उतार देऊन पुन्हा बसवावे. त्याला पर्याय नाही. उतार बाहेर असून केवळ उंची जास्त असेल, तर भिंतीलगतची फूटभर रुंदीची पट्टी काढून भागते. कचेवर बसवलेले ब्लॉक बहुधा अख्खे निघतात. कोबा मात्र आधी कटर मशीनने कापून घ्यावा. घणाचे घाव जुन्या भिंतीला हादरवतात. पट्टी पायाच्या तळाखाली न जाता खणावी, तळाला उतार द्यावा आणि मोठी, धुतलेली खडी भरावी. खडीचा माथाही डी.पी.सी.खाली सहा इंच राहिला पाहिजे. त्या चरातले पाणी गटारापर्यंत नेलेच पाहिजे, नाहीतर तो चर म्हणजे भिंतीलगतचे टाकेच होईल. वयस्कर माणसांसाठी दारापुढे पायरी हवी असेल, तर ती भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी. आतला गिलावा लगेच करू नये. एक पूर्ण उन्हाळा भिंत सुकू द्यावी.

राहिला प्रश्न खर्चाचा. आमचे मत स्पष्ट आहे. लेव्हल ठरवणे हे कारागिराचे काम आहे, मालकाचे नव्हे. मिस्त्रीने काहीच न सांगता फरशी चढवली असेल, तर ती उतरवण्याची मजुरी त्याने सोसावी. खडी आणि पाइपचा खर्च मालकाने करावा, कारण तो पहिल्याच वेळी त्याला करावा लागला असता. मिस्त्रीने धोका सांगूनही मालकाने पैसे वाचवण्यासाठी हट्ट धरला असेल, तर सगळा भार मालकाचा. पण सांगितले होते हे सिद्ध कसे करणार? तोंडी बोलणे पावसाबरोबर वाहून जाते. म्हणून अंदाजपत्रकात दोन ओळी असाव्यात: खोदाई व माती वाहतूक इतकी, आणि फरशीचा माथा जोत्याच्या इतके इंच खाली. मालकाची सही घ्यावी. वहीच्या पानावर लिहिलेले असले तरी चालेल.

मजुरी सोसण्याची ही सूचना काही कारागीर बांधवांना कडू लागेल. दोन दिवसांची मजुरी घरची घालायची, हे रोज कमावून खाणाऱ्याला सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण गावात एक घर बिघडले की चार घरांचे काम जाते, हेही त्याला ठाऊक असते. आणि खोदाईला पैसे न देणाऱ्या मालकाचे काम सरळ नाकारलेले बरे. दुसरा कोणी ते स्वस्तात करील, करू द्यावे. दोन पावसाळ्यांनी त्या भिंतीची ओल काढायला मालक कोणाला बोलावणार, हे सांगायला नको.