साठ रुपयांचा मासा आणि गेलेलं गिऱ्हाईक

"काच हिरवी पडलीय, सफाई करणारा मासा द्या." माझ्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात हे वाक्य सारखं ऐकू येतं. पूर्वी मी लगेच चायनीज अल्गी ईटर पिशवीत भरून द्यायचो. आता आधी प्रश्न विचारतो. आणि माझं स्पष्ट मत आहे, गिऱ्हाइकाला "हे तुमच्यासाठी नाही" असं सांगता आलं पाहिजे. नाहीतर दुकान चालतं, पण टिकत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. एक काका दर महिन्याला यायचे. खाद्य, फिल्टरचा स्पंज, काही ना काही न्यायचे. त्यांच्या दोन फुटी टाकीत एंजलची जोडी होती. त्यांना मी बोटाएवढा अल्गी ईटर दिला, साठ रुपयांना. वर्षभराने ते तोच मासा घेऊन आले. चांगला वीतभर झालेला. एक एंजल मेला होता, दुसऱ्याच्या अंगावर जखमा होत्या. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, तर सांगितलं का नाही?" मासा ठेवून गेले, ते परत आलेच नाहीत.

माहीत होतं हो मला. हा मासा थायलंड, लाओस, कंबोडियाकडच्या वाहत्या नद्यांतला. तोंडाने दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. दुकानात येतो तेव्हा पिल्लू असतो, काच खरंच साफ करतो. पण वाढला की शेवाळ कमी खातो, फ्लेक्सवर ताव मारतो आणि जागेवर हक्क सांगतो. दुसऱ्याला हुसकावतो. एंजल, गोल्डफिश अशा चपट्या किंवा संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांची त्वचा ओरबाडतो. दोन ठेवले तर आपसात मारामारी. नदीत तो पंचवीस सेंटीमीटरच्या पुढे जातो. दोन फुटी टाकीत मावतं जेमतेम पंचावन्न लिटर पाणी. यात माशाची काय चूक? चूक विकणाऱ्याची.

आता हिशोब बघा. त्या विक्रीत मला सुटले तीस रुपये. गेलं ते दर महिन्याचं गिऱ्हाईक. बीबीएला 'कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू' पाठ केली होती, पण कळली ती त्या दिवशी.

आता मी विचारतो: टाकी किती फुटी? आत कोणते मासे? लाइट किती तास? खाद्य किती वेळा? बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. लाइट दिवसभर चालू, टाकी खिडकीत, खाद्य जास्त. मग मी सांगतो, लाइट सहा-सात तासच ठेवा, खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. काच पुसायला मॅग्नेट क्लीनर न्या. जिवंतच काही हवं असेल तर नेराइट गोगलगाय आहे.

तुम्ही म्हणाल, "सर, तुम्ही नाही दिला तर शेजारचा देईल." देऊ दे ना! मासे मेल्यावर तो माणूस शेजाऱ्याकडे सल्ला विचारायला जाणार नाही, तुमच्याकडे येईल. सगळे येतील असं नाही, काही विक्री बुडतेच. ती बुडू द्यायची हिंमत ठेवा.

तुमचा धंदा कपड्यांचा असो की मोबाइलचा, प्रत्येक दुकानात असा एक 'अल्गी ईटर' असतो. आज खपतो, वर्षाने तक्रार घेऊन येतो. तुमचा कोणता, ते आज वहीत लिहा आणि तो विकण्याआधी विचारायचे प्रश्न त्याखाली लिहा.

काकांचा तो मासा आजही माझ्या काउंटरजवळच्या चार फुटी टाकीत आहे, एकटाच. कुणी सफाईवाला मागितला की मी आधी तो दाखवतो.